फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमचा रियाज: फोम लावावा का?

सहा_तारा
नमस्कार. त्रिमूर्तीनगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. खोली 10 बाय 11, भिंती चार इंची विटांच्या, एक सरकती अ‍ॅल्युमिनिअमची खिडकी. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवते, 20 वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी) आहे. धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवतो, तोही हेडफोन लावून. तरी खालच्या काकूंना धप-धप ऐकू येते आणि बाजूचे गिटारबद्दल तक्रार करतात. दुकानदार म्हणतो, चारही भिंतींना एक इंची फोम लावा. लावू का? बजेट 12-15 हजार.

ध्वनीमिस्त्री
ताई, फोम घेऊ नका. तुमचं सगळं बजेट त्यात जाईल आणि काकूंना धप तितकीच ऐकू येईल.

आवाज अडतो तो वजनानं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तेव्हा कुठे 5-6 डेसिबल जास्त अडतात, आणि फोमला तर वजनच नाही. त्यानं खोलीतला घुम कमी होतो, एवढंच. अंड्यांच्या ट्रेचंही तेच, वर ते पेट घेतात.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत. बाजूच्यांकडे गिटार हवेतून जाते, म्हणजे फटींतून. भिंतीच्या 1 टक्का जागेत जरी फट असली, तरी ती भिंत कितीही जाड असो, एकूण 20 डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. म्हणून आधी दाराखालची फट रबरी पट्टीनं बंद करा, चौकटीला चिकटणारी रबर लावा, खिडकीच्या रुळांतल्या ब्रशच्या झिजलेल्या पट्ट्या बदला. काकूंची धप मात्र ड्रमच्या पायाच्या पेडलचा धक्का स्लॅबमध्ये उतरल्यामुळे होते. तिथे फटी बुजवून काही होत नाही.

तालवेडा
ड्रमचं मी सांगतो. हेडफोन लावले म्हणजे ड्रम मुका झाला असं समजू नका. किकच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) पेडलचा आणि हाय-हॅटच्या (झांजांच्या जोडीच्या) पेडलचा धक्का सरळ फरशीत जातो. गालिचा किंवा जिमची रबरी चटई घातली तर टकटक जाते, धप राहते. त्यासाठी टेनिस बॉलवर तरंगती फळी करावी लागते, म्हणजे दोन फळ्या आणि त्यांच्या मधे बॉल.

18 मिमी प्लायची 8 बाय 4 ची एक शीट मधोमध कापली की 4 बाय 4 चे दोन तुकडे निघतात. लहान किट आणि स्टूल त्यावर बसतं; नसेल बसत तर दोन शीट घेऊन 6 बाय 4 चे तुकडे करा. दोन्ही फळ्या एकावर एक धरूनच सुताराकडून 40 मिमीच्या होल सॉनं (गोल भोक पाडणाऱ्या करवतीनं) आरपार भोकं पाडून घ्या, म्हणजे वरची-खालची भोकं जुळतात. बॉल साधारण साडेसहा सेंमीचा, त्यामुळे तो भोकात थोडा रुततो, घरंगळत नाही, आणि दोन फळ्यांमध्ये 5 सेंमीच्या आसपास अंतर राहतं. वर पातळ सतरंजी.

बॉल किती? इथेच लोक चुकतात. किट, माणूस, स्टूल आणि वरची फळी मिळून 110 किलो धरा. 20 बॉल घातले तर प्रत्येकावर साडेपाच किलो येतात. "मजबूत होईल" म्हणून 50 घातले तर बॉल दबतच नाहीत. बॉल इथे स्प्रिंगचं काम करतात, आणि स्प्रिंग दबली नाही तर धक्का जसाच्या तसा खाली जातो. फार कमी घातले तर चपटे होऊन फळी डुलते. स्टूल आणि किकच्या खाली बॉल जवळ-जवळ ठेवा, बाकी ठिकाणी फुटाफुटावर. क्रिकेटचे जड टेनिस बॉल नकोत, ते टणक असतात, हलके घ्या.

फळी भिंतीपासून दोन बोटं लांब हवी. एक कोपरा जरी भिंतीला टेकला तर धक्का तिथून जातो आणि सगळी मेहनत वाया. काही महिन्यांनी बॉल बसतात, तेव्हा चारही कोपऱ्यांची उंची पट्टीनं मोजा.

मंद_तार
गिटारसाठी अ‍ॅम्पचा आवाज कमी करणं पुरत नाही. वॅट निम्मे केले तरी फक्त 3 डेसिबल उतरतात; एका वॅटचा अ‍ॅम्पसुद्धा बंद खोलीत मोठा वाटतो. रात्री हेडफोनच हवेत.

तुमच्या अ‍ॅम्पला हेडफोनचं छिद्र असेल तर स्पीकर आपोआप बंद होतो का ते बघा. जाड पिनेचा अ‍ॅडाप्टर स्टिरिओ घ्या, म्हणजे पिनेवर दोन काळ्या रेषा हव्यात. मोनो घेतला तर एकाच कानात ऐकू येईल. (कोणाचा ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा, अ‍ॅम्प असेल तर स्पीकर काढून तो कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकरऐवजी जोडायचा लोड बॉक्स लागतो, तोही अ‍ॅम्पच्याच ओहमचा.)

लॅपटॉप असेल तर इन्स्ट्रुमेंट इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायची डबी) घ्या. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर, 48 किलोहर्ट्झ, बफर 128 सॅम्पलचा. एक बफर 2.7 मिलिसेकंदांचा होतो, ये-जा मिळून 10 च्या आत राहिला तर बोटांना कळत नाही. ब्लूटूथ हेडफोन चालणार नाहीत, उशीर 100 मिलिसेकंदांच्याही वर जातो. लॅपटॉपवर अ‍ॅम्पची नक्कल करणारं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पण नुसत्या अ‍ॅम्पचं मॉडेल लावलं तर आवाज भुंग्यासारखा करकरतो, कॅबिनेटची आयआर फाइल (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नक्कल) लावावी लागते. सगळ्यात जोरात स्ट्रम करून इनपुट उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा.

हेडफोन बंद पाठीचे घ्या. कानांसाठी मर्यादा 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. कान पुन्हा मिळत नाहीत.

सहा_तारा
खूप आभार. फोम रद्द! पण एक अडचण: एप्रिल-मेमध्ये याच खिडकीत कूलर असतो. तेव्हा फटी कशा बुजवू?

ध्वनीमिस्त्री
नाहीच बुजवता येणार. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती निघायला दार किंवा दुसरी खिडकी उघडी लागतेच. उन्हाळाभर स्पीकर बंद, हेडफोनच. गिटार कूलरच्या झोतात टांगू नका, ओलाव्यानं लाकूड फुगतं, तारा गंजतात.

मंद_तार
गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज टिपणारं एकाच गुंडाळीचं चुंबक) असेल तर कूलरची मोटर आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर गुणगुण आणतात. रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवून बघा. तरीही गुणगुण राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेली, तर दोष चार्जरचा. अर्थिंगची पिन मात्र कधीच तोडू नका.

तालवेडा
वेळेचंही बघा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहेत. पण आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी 1 ते 4 सगळे झोपतात, तेवढी वेळ सोडाच. फळी झाली की भावाला किक मारायला लावा आणि तुम्ही काकूंच्या हॉलमध्ये जाऊन उभ्या राहा. मोबाइलचं मीटर खालच्या सुरांना नीट पकडत नाही, कानांवर विश्वास ठेवा. धप ऐकू आली तर किकखालचे दोन बॉल कमी करून पुन्हा ऐका.