आईकडची केबल बंद करावी का? नागपूरकरांनी सांगावं

प्रेषक: सदस्य, न्यू जर्सी (मूळ प्रतापनगर)

मंडळी, सप्रेम नमस्कार.

बाबा गेल्यापासून आई प्रतापनगरच्या घरी एकटीच असते. वय 76, तब्येत ठीक, स्वयंपाक स्वतः करते. परवा बोलता बोलता कळलं की केबलचे महिन्याला साडेपाचशे रुपये जातात. पाहते काय, तर दोन मालिका, सकाळचं कीर्तन आणि संध्याकाळच्या बातम्या. त्यातही तिचा एक चॅनेल आठवडाभर दिसत नव्हता. फोन केला तर वरचं पॅक घ्या म्हणून उत्तर मिळालं. तिने घेतलं, आणि मला सांगितलंसुद्धा नाही.

आम्ही इकडे 2016 सालीच केबल सोडली. खिडकीला अँटेना लावला, त्यावर एबीसी, एनबीसी, पीबीएस वगैरे फुकट येतात. बाकी सगळं ॲपवर. जूनमध्ये तीन आठवडे नागपूरला येतोय. आईसाठी असाच अँटेना इथून आणावा, टीव्हीवर ॲप टाकून द्यावेत आणि केबल बंद करून यावी, असा विचार आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "काहून बंद करतो रे? चालूनच तर राहिलं आहे." कुणी तिकडे हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहावं.

प्रेषक: सदस्य, लक्ष्मीनगर, नागपूर (पूर्वी 31 वर्षं एडिसन)

अरे बाबा, अँटेना आणू नकोस. इथे त्याचा काही उपयोग नाही.

तिकडे 2009 च्या जूनमध्ये प्रक्षेपण डिजिटल झालं आणि चॅनेल हवेतून फुकट येत राहिले, म्हणून तुझा अँटेना चालतो. आपल्या लहानपणी गच्चीवर माशाच्या काट्यासारखा जो अँटेना असायचा, त्याला सिग्नल देणारी दूरदर्शनची जुनी ॲनालॉग केंद्रं गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद झाली. आता फुकटचं दूरदर्शन उपग्रहावरून येतं. त्याला डीडी फ्री डिश म्हणतात. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची ही सेवा 2004 च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. छत्री आणि बॉक्स मिळून एकदाच साधारण दोन हजार रुपयांचा खर्च. बर्डीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचार, लावून देणारा माणूस तेच पाठवतात.

छत्री लावायच्या आधी गच्चीवर जाऊन आग्नेयेकडे बघ. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे नागपूरहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर येतो. चांगली मान वर करून बघावं लागतं. त्यामुळे समोरची दोन मजली इमारत सहसा आड येत नाही, पण घराला लागून मोठं झाड असेल तर येतं. आमच्याकडे कडुलिंबाची एक फांदी आडवी येत होती. कडुलिंब तोडायला मी तयार नव्हते, छत्री गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली. जुलैत आभाळ फाटल्यासारखं कोसळलं की पाच-दहा मिनिटं चित्र जातं. पाऊस ओसरला की आपोआप येतं. आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर तिला वाटेल बिघडलं.

आता तिला हवं ते त्यावर मिळेल का? सह्याद्री नक्की मिळेल, म्हणजे बातम्यांची सोय झाली. खाजगी चॅनेल त्यावर लिलावाने जागा घेतात, त्यामुळे यादी बदलत असते. आणि ज्या मालिकांसाठी बायका जीव टाकतात ते मोठे मराठी चॅनेल पैसे भरून बघायचे आहेत, ते फ्री डिशवर शोधू नकोस. त्यांना ॲपच लागेल. झी मराठीचं झी5 वर, सोनी मराठीचं सोनीलिव्हवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी हे दोन्ही 2025 च्या फेब्रुवारीपासून जिओहॉटस्टार या एकाच ॲपमध्ये आले. तेव्हा आधी आईजवळ बस आणि तिच्या दोन मालिका कुठल्या ते विचार. दोन्ही एकाच घरच्या निघाल्या तर एकाच ॲपचे पैसे भर. चार ॲप टाकून ठेवलेस तर त्या चौकटींमध्ये ती हरवेल.

तुझ्या काकांसाठी आणखी एक गोष्ट फार मोलाची ठरली. भारताचे एकदिवसीय आणि टी-20 सामने खाजगी वाहिनीने घेतले तरी 2007 च्या कायद्यानुसार त्यांना प्रसार भारतीला सिग्नल द्यावाच लागतो. तो फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला फुकट दिसतो. प्रसार भारतीला मिळालेला तो सिग्नल मात्र केबलवर दाखवता येत नाही, 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. रणजीचं तसं नाही. 2025 ची अंतिम लढत इथे जामठ्याच्या स्टेडियमवरच झाली आणि विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक घेतला, तो सामना आम्ही ॲपवरच पाचही दिवस पाहिला.

पैशाचं म्हणशील तर आधी तिचं बिल हातात घे. 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे केबल-फोनवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम आले तेव्हा केबलचं मूळ शुल्क जास्तीत जास्त 130 रुपये, जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, असं ठरलं होतं. वर ज्याने त्याने निवडलेल्या चॅनेलचे पैसे. 2024 च्या जुलैत ती 130 ची मर्यादा काढून टाकली. पण चॅनेल एकेक करून निवडायचा हक्क अजून आहे, आणि तो आपली म्हातारी माणसं वापरत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगतच नाही. नुसता पैशाचाच प्रश्न असेल तर नको ते पॅक काढून टाकल्यावरही बिल बरंच खाली येईल. मग हा सगळा खटाटोप करायचं कारण नाही.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते. तुझी आई साधारण माझ्याच वयाची आहे, म्हणून सांगते. तू तीन आठवड्यांत सगळं लावून जाशील, पण रिमोट मागे तिच्या हातात राहील.

केबलच्या रिमोटवर आम्ही आकडा दाबतो. चष्मा जवळ नसला तरी बोटाला ठाऊक असतं. दिवे गेलेले असोत, डोळे मिटलेले असोत, तीन आकडे दाबले की आपला चॅनेल लागतो. ॲपमध्ये आकडाच नाही. टीव्ही लावला की आधी टीव्ही कंपनीचं पान, मग ॲप, मग कोण बघतंय म्हणून विचारणार, मग भलत्याच कार्यक्रमांच्या चौकटी, आणि शोधायचं तर एकेक इंग्रजी अक्षर बाणाने जाऊन टिपायचं. मी आयुष्यभर संगणकावर काम केलं. तरीही पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद करून अंगणात जाऊन बसले होते. आपल्याच घरात आपल्याला परकं करून टाकल्यासारखं वाटतं रे. तुझी आई तुला फोनवर हे सांगणार नाही. "छान चाललं आहे," असंच म्हणेल, आणि टीव्ही बघायचा सोडून देईल.

म्हणून केबल लगेच तोडू नकोस. दोन महिने दोन्ही चालू राहू दे. रिमोटला माइकचं बटन असेल तर ते दाबून मराठीत मालिकेचं नाव बोलायला शिकव, ते छान जमतं. राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घे. मे महिन्यात कूलर लागले की इथे दिवे जातात, आणि राउटर बंद तर ॲप बंद. मोबाइलच्या नेटवर टीव्ही चालवायचा विचारही नको. एचडी चित्र तासाला दोन-तीन जीबी खातं, रोजचा कोटा एका मालिकेत संपेल.

प्रेषक: सदस्य, शिकागो (मूळ महाल)

काकूंनी लिहिलं ते अक्षरशः खरं आहे. माझ्याकडून जी चूक झाली ती सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मी इथूनच फोनवर बाबांची केबल बंद करून टाकली. बॉक्सची अनामत रक्कम परत मिळणार होती, ती आजतागायत मिळाली नाही. मी फोन करून थकलो. पण त्याचं दुःख नाही.

केबलचे पैसे न्यायला दर महिन्याच्या 7 तारखेला एक मुलगा यायचा. वाड्यात वर चढून यायचा, बाबांजवळ पाच मिनिटं बसायचा. त्याच्या आधीच्या वर्षी बाबांना ताप भरला होता आणि दार उघडायला ते उठू शकले नाहीत, तेव्हा खालच्या बिऱ्हाडाला त्यानेच हाक मारली होती. मला हे माहीत होतं. तरीही महिन्याचे चारशे रुपये वाचवायच्या नादात ते माझ्या लक्षातच आलं नाही. केबल गेली आणि 7 तारखेला येणारं माणूस गेलं. बाबा एकदाच म्हणाले, "तो पोरगा नाही येऊन राहिला आता."

पुढे कळलं की तोच केबलवाला आता फायबरचं इंटरनेटही देतो. बऱ्याच वस्त्यांमध्ये देतात. आम्ही दुसऱ्याचं नेट सोडून त्याचं घेतलं आणि ऑनलाइन न भरता मुलाच्या हाती रोख द्यायचं ठरवलं. तो पुन्हा येतो.

ॲपचे पैसे तुम्ही कसे भरता? बाबांच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि ते कुणालाही वाचून दाखवतात, मला त्याची धास्ती आहे.

प्रेषक: सदस्य, लक्ष्मीनगर, नागपूर

तुझं वाचून गलबलून आलं.

ओटीपीचं असं कर. खातं बाबांच्या नंबरवर न काढता तुझ्या किंवा इथल्या एखाद्या जवळच्या माणसाच्या भारतीय नंबरवर काढ, आणि टीव्हीवर एकदाच लॉगिन करून दे. वर्षाचे पैसे एकदम भर, म्हणजे मधेच बंद पडत नाही आणि दर महिन्याला मेसेजही येत नाहीत. तुझं इथल्या बँकेत एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं, खातं असेल तर 2023 पासून अमेरिकेचा नंबर जोडूनही यूपीआय करता येतं. आणि बाबांना एकच गोष्ट पक्की सांग: टीव्ही बंद पडणार आहे, आकडा सांगा, असा फोन आला तर ठेवून द्यायचा. टीव्ही बंद पडला तर पडू दे.

तिकडे काढलेलं वर्गणीचं खातं इथे चालेल असं समजू नकोस. कंपन्या देशाप्रमाणे कार्यक्रम आणि दर वेगळे ठेवतात.

प्रेषक: सदस्य, न्यू जर्सी (सध्या प्रतापनगर)

मंडळी, आईच्या घरून लिहितोय. बाहेर पाऊस सुरू आहे आणि मघाशी सह्याद्रीचं चित्र खरंच सात मिनिटं गेलं होतं. आई म्हणाली, "येते थोड्या वेळात, पाऊस आहे." तिला आधी सांगून ठेवल्याचा एवढा उपयोग झाला.

गच्ची मोकळी होती, छत्री तासाभरात लागली. आईच्या दोन्ही मालिका एकाच ॲपच्या निघाल्या. सकाळचं कीर्तन यूट्यूबवर मिळालं, आणि तिला ते टीव्हीपेक्षा जास्त आवडलं, कारण मधेच थांबवून दूध उतरवता येतं.

अडचण आली ती वेगळ्याच जागी. फ्री डिशचा बॉक्स एका पॉइंटवर, ॲप टीव्हीच्या आत. एकातून दुसऱ्यात जायला सोर्सचं बटन. हे बटन तिला कितीही सांगितलं तरी सापडेना. रिमोटवर सगळीच बटनं काळी आणि सारख्या उंचीची. शेवटी शेजारच्या मुलीकडून लाल नेलपॉलिश आणून त्या बटनावर जाडसर ठिपका दिला. आता ती बघतही नाही, अंगठ्याने चाचपते. मग माझ्या लक्षात आलं की काकू बोटाला ठाऊक असण्याबद्दल जे लिहीत होत्या ते हेच.

आईने एक वही केली आहे. बाबांच्या दुकानाच्या हिशेबाची जुनी वही, मागच्या पानापासून. मी सांगायचो आणि ती तिच्या अक्षरात लिहायची. मी लिहून देतो म्हटलं तर नको म्हणाली. एक पान बातम्यांचं, एक मालिकेचं, एक "चित्र अडकलं तर" या नावाचं. त्या पानावर राउटरचं बटन बंद करून देवाजवळचा दिवा लावून यायचा आणि मग चालू करायचं, असं लिहिलं आहे. मी दोन मिनिटं थांबायला सांगितलं होतं, दिव्याचा हिशेब तिचा आहे.

मालिका आता केव्हाही पाहता येते, हे मी तिला मोठ्या हौसेने सांगितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. अमरावतीची मावशी तोच भाग रात्री साडेआठला पाहते आणि संपला की दोघींचा फोन असतो. तेव्हा आईही साडेआठलाच लावते.

शिकागोच्या दादांचं वाचल्यावर मी केबलवाल्या मुलाला मुद्दाम बोलावून घेतलं. त्याच्याकडचं फायबर घेतलं, राउटर इन्व्हर्टरवर लावून दिला. केबल अजून तोडलेली नाही, फक्त पॅक अगदी लहान केलं. बॉक्स टीव्हीखालून काढून कपाटावर ठेवला आहे. 15 ऑगस्टपर्यंत आईने तो मागितला नाही तर नेटचे पैसे न्यायला येईल तेव्हा तोच घेऊन जाणार आहे.

मी रविवारी निघतोय.