आवाज देणारी नटी 'वाया गेली' म्हणे!

तिसरीघंटा: जर्मन नटी टिली लाउएनश्टाइनबद्दल (१९१६–२००२) एकानं लिहिलंय, "रंगभूमीवरची चांगली नटी डबिंगच्या अंधाऱ्या खोलीत वाया गेली." इन्ग्रिड बर्गमन, बार्बरा स्टॅनविक, सिमोन सिन्योरे, या तिघी परदेशी चित्रपटनट्यांना जर्मन आवाज दिला तो वाया? काही सेकंदांचा एकेक टेक. पूर्वी फिल्मच्या तुकड्याची टोकं जोडून केलेलं लूप फिरत राही, दोनतीनदा बघायचं आणि बोलायचं. क्लोजअपमध्ये ओठ मिटतात तिथंच प-ब-म पडले पाहिजेत. पात्र पाठमोरं असेल तर सूट. जर्मन वाक्य लांबतं, म्हणून संवादलेखक आधीच छाटतो, तरी शेपूट उरतंच. हे सगळं सांभाळून रडून दाखवा.

रीळ_नं_४: कसरत आहे. अभिनय नव्हे. श्वास कुठं घ्यायचा ते बर्गमननं आधीच ठरवलंय. टेक क्रमानंही येत नाहीत. मरण सकाळी, पहिली भेट दुपारी. शिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय माइकसमोर नडते, शब्द सुटे आणि कडक वाजतात.

खर्डेघाशी: आता तर प्रत्येकाला एकटं उभं करून वेगळ्या ट्रॅकवर घेतात. पूर्वी प्रेमप्रसंगाला निदान दोघं एका माइकसमोर असत. पण खरे चोर वितरक. बर्गमनचा 'कासाब्लांका' १९५२ साली पश्चिम जर्मनीत लागला तो सुमारे २५ मिनिटं कापून. नाझी अधिकारी मेजर श्ट्रासर गायब! नाझींविरुद्ध लढणाऱ्या लास्लोचा झाला नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ लार्सन!

तिसरीघंटा: कात्री वितरकाची, चर्चा आवाजाची. विषय सोडू नका.

खर्डेघाशी: सोडलेला नाही. भंपक कथा पचली ती डबिंग सफाईदार होतं म्हणून. १९७५ मध्ये टीव्हीसाठी पूर्ण चित्रपट नव्यानं डब झाला. तोवर २३ वर्षं लार्सन!

रीळ_नं_४: म्हणजे डबिंग जितकं सुरेख तितकी लबाडी पक्की. आभारी आहे, माझंच काम केलंत.

तिसरीघंटा: वा! उद्या लबाड संहितेसाठी नटाला फाशी द्या.

ओळंबा: 'वाया' म्हणणाऱ्यांनी जर्मनीतल्या सार्वजनिक नाट्यगृहांचा नटांशी होणारा आजचा करार वाचावा. हंगामापुरता असतो, कुणी काही कळवलं नाही तर वर्षभर वाढतो. नवख्याला 'पुढं करार नाही' असं कळवायची मुदत ३१ ऑक्टोबर. १५ वर्षं भरली की काढणं जवळपास अशक्य, म्हणून चौदाव्या वर्षीच नारळ. नवा इंटेंडंट, म्हणजे नाट्यगृहाचा प्रमुख, आला की संचातली माणसं बदलतात. डबिंगला टेकमागे रोख पैसे आणि संध्याकाळ नाटकाला मोकळी.

रीळ_नं_४: पोट भरतं, कबूल. सिन्योरेचा थकलेला, जाडसर सूर जर्मनमध्ये उतरला, तेही कबूल. याहून जास्त मिळणार नाही.