झाडपाल्याची औषधं: एकमेकांकडून शिकले की आपापलं शोधलं?

प्रश्न: इजिप्त, चीन, ग्रीस, भारत, सगळीकडे जुन्या काळी वनस्पतींची औषधं लिहून ठेवलीत. हे ज्ञान एकीकडून दुसरीकडे गेलं की प्रत्येकाचं वेगळं?

उत्तर १: दोन्ही झालंय. इजिप्तचा एबर्स पपायरस (औषधांवरची जुनी हस्तलिखित गुंडाळी) इ.स.पू. १५५० च्या आसपासचा, त्यात शेकडो औषधं आणि मधेमधे मंत्रपण. देवाणघेवाण बघायची तर डायोस्कोरिडीस बघा, पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य, सुमारे ६०० वनस्पती नोंदवल्या, आणि त्याच्या ग्रंथाची सहाव्या शतकातली सचित्र प्रत व्हिएन्नात आहे तिच्यात चित्रांशेजारी नंतरच्या लोकांनी अरबी, हिब्रूत नावं लिहिलीत! म्हणजे प्रत खरंच हातोहात वापरली गेली.

उत्तर २: मला चीनचं उदाहरण जास्त भारी वाटतं. चौथ्या शतकात गे होंग या चिनी वैद्याने तापावर लिहिलं, मूठभर छिंगहाव (एक औषधी वनस्पती) पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं कुठेच नाही. १९७० च्या दशकात चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी हेच वाचून कमी तापमानावर अर्क काढला कारण उष्णतेने गुण जात असणार असं त्यांना वाटलं, त्यातूनच मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ ला नोबेल.

प्रश्नकर्ता: हे माहीतच नव्हतं, खूप आभार! चरक-सुश्रुतांवरपण कोणीतरी लिहा प्लीज.