बी विंग ग्रुप: बागानचे फोटो आणि जीर्णोद्धाराचा वाद

साठे काका (४०१): सुप्रभात. जुन्या फोनमध्ये आमच्या २०१८ च्या म्यानमार सहलीचे फोटो सापडले. हे बागान. इरावतीच्या काठी, माळावर नजर जाईल तिथवर विटांची देवळं. बहुतेक ११ ते १३ व्या शतकातली, अजून दोन हजारांच्या वर उभी आहेत. जुनं नाव अरिमर्दनपूर.

देशपांडे (सेक्रेटरी): काका, हा ग्रुप पाणी आणि पार्किंगसाठी आहे 🙏 पण दुसरा फोटो झकास.

नेहा (२०३): काका, पॅगोडात आत बसता येतं ना? मुंबईत गोराईच्या विपश्यना पॅगोडात आम्ही बसलो होतो.

साठे काका: गोराईचा बाहेरून यांगूनच्या श्वेडगॉनसारखा, पण आतून पोकळ. तिकडचा स्तूप भरीव, त्याला 'झेदी' म्हणतात. बाहेरून प्रदक्षिणा घालायची, बस्स. आत जाता येतं त्या देवळाला म्हणतात 'गू'.

रोहन (१०२): 😂😂😂

साठे काका: वाटलंच होतं. पाली 'गुहा'वरून आलाय रे तो शब्द. आत शिरलास की पटतं. अंधार, गारवा, वटवाघळांचा वास.

साठे काकू: यांच्या फोटोंत सगळी शिखरंच. मला विचाराल तर मिंकाबा गावातलं गुब्याउक्जी. बाहेरून साधंच. आत बॅटरी मारली की भिंतभर चौकोन चौकोन, प्रत्येकात एक जातककथा, खाली मोन या तिथल्या जुन्या भाषेत ओळ. नऊशे वर्षांचे रंग. बागानचा चान्झित्ता राजा आजारी पडला, तेव्हा त्याच्या राजकुमार नावाच्या मुलानं बापासाठी सोन्याची बुद्धमूर्ती घडवली आणि हे देऊळ बांधलं. शेजारीच १११३ चा शिलालेख, एकच मजकूर चार भाषांत: पाली, मोन, बर्मी आणि प्यू. प्यू ही लुप्त झालेली भाषा वाचता येऊ लागली ती त्यावरून.

रोहन: वर चढून सूर्योदय पाहिला का?

साठे काका: बहुतेक देवळांवर चढायला बंदी होती. ऑगस्ट २०१६ मध्ये ६.८ चा भूकंप झाला, चारशेच्या आसपास वास्तूंना फटका बसला. सुलामणी देवळाचा कळस खाली आला.

कुलकर्णी (३०४): म्हणजे जुनं बांधकाम कच्चंच!

साठे काका: उलट. पडलं त्यात गेल्या काही दशकांत नव्यानं चढवलेलं बरंच होतं. नव्वदच्या दशकात देणग्या घेऊन पडक्या देवळांवर सरसकट नवी बांधकामं झाली. कित्येक ठिकाणी नुसता पाया उरला होता, वरचं सगळं अंदाजपंचे. खाली काळवंडलेली वीट आणि वर लालभडक, फोटो ७ बघा. जागतिक वारशाच्या यादीत नाव लागायला २०१९ उजाडलं, त्याला हेही एक कारण.

देशपांडे: आमच्या गावच्या देवळाची तीच गत. काळ्या दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स. म्हणे जीर्णोद्धार.

साठे काकू: भाऊजी, त्या लोकांसाठी ते म्युझियम नाही हो. पडका स्तूप उभा करणं हे पुण्य. तिथं एक आजी होत्या, एवढीशी सोन्याच्या वर्खाची पुडी उघडून बोटानं मूर्तीला लावत होत्या. त्यांना कोण सांगणार, की आजी, मूळ स्वरूप बिघडतंय?

साठे काका: आमचं यावर सात वर्षं जमलेलं नाही. माझं म्हणणं, डागडुजी करा, कळस कल्पनेनं बांधू नका. बागानच्याच आनंद मंदिराचं काम आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणानं केलं, तसं. आहे ते सांभाळायचं.

कुलकर्णी: ते धम्मयांजी देवळाचं काय ऐकलं होतं? सुईचं?

साठे काका: हो, दंतकथा. नरथू राजा विटांच्या सांध्यात सुई घालून बघायचा. गेली की गवंड्याचे हात गेले! बापाला मारून गादीवर बसलेला हा प्राणी. बागानमधलं सगळ्यात अवाढव्य देऊळ, पण आतला प्रदक्षिणामार्ग विटांनी गच्च बुजवलेला. का, ते कुणी छातीठोक सांगत नाही.

नेहा: आपल्या गच्चीच्या कंत्राटदाराला हा फोटो पाठवा. सुई कसली, माझ्या बेडरूमच्या भेगेत चमचा जातो.

देशपांडे: नेहा, तो विषय उद्याच्या मीटिंगमध्ये. साडेदहा, क्लब हाउस.

साठे काकू: आणि जाणार असाल कुणी, तर स्लिपर न्या. प्रत्येक देवळात अनवाणी, मोजेसुद्धा चालत नाहीत. यांनी बुटांच्या नाड्या सोडण्यात अर्धी सहल घालवली.