गणवेश बदलला, माणसं तीच
कुणीतरी म्हटलंय की लढाई थंडावली की सरकारने हाताशी धरलेल्या सशस्त्र टोळ्या आपोआप विरून जातात. सुदानमध्ये नेमकं उलटं झालं. २००३ मध्ये देशाच्या पश्चिमेकडच्या दारफुर भागातलं बंड मोडायला सरकारने अरब उंटपाळ जमातींतल्या तरुणांना हाताशी धरलं, तेच जंजावीद. त्यांनी गावंच्या गावं जाळली. २०१३ मध्ये त्यांनाच गणवेश, हुद्दे आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे नाव मिळालं. म्होरक्या हेमेदती, एकेकाळचा उंटांचा व्यापारी. माझ्या मते खरा फरक पाडला तो जेबेल आमिरच्या सोन्याच्या खाणींनी. पोरांचे पगार स्वतःच भागवता आल्यावर राजधानी खार्तुममधल्या सरकारचं कोण ऐकतो? २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बशीरना हटवण्यात हेच दल सामील, आणि एप्रिल २०२३ पासून लष्कराशीच युद्ध. त्यातच दारफुरमधल्या एल जेनिना शहरात मसालित या बिगर-अरब जमातीच्या लोकांची पुन्हा कत्तल झाली. वाचताना जीव तुटतो.