भाड्याने दिलेल्या घरातला गिझर बदलायचाय – कोणता घ्यावा, बसवताना काय बघावं?

ओसरी
नमस्कार. आमचा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. तिथला २५ लिटरचा गिझर गळायला लागलाय. भाडेकरू ताईंनी पाठवलेल्या फोटोत खालच्या झाकणाच्या कडेने तांबूस ओघळ दिसतायत. प्लंबर म्हणाला, टाकीच सडलीय, आता दुरुस्ती नाही. घरात नवरा-बायको, सासूबाई आणि दीड वर्षाचं बाळ. इमारत १२ मजली, आपण तिसऱ्यावर. पाणी बोअरचं, क्षार भरपूर. मी दुसऱ्या गावी असते, सारखं जाऊन बघणं होत नाही. १५ लिटरचा पुरेल की पुन्हा २५चाच घेऊ? की इन्स्टंट लावून मोकळं व्हावं?

पानापक्कड
सगळ्यात आधी ताईंना सांगा, गिझर एमसीबीवरून (मीटरजवळच्या बोर्डावरच्या खटक्यावरून) बंद करा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, पाणी आतल्या वायरिंगपर्यंत उतरलेलं असू शकतं.

आता लिटरचं. २०° चं १५ लिटर पाणी ६०° ला न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या कॉइलला वीसएक मिनिटं. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ४०° चं ३० लिटर होतं. प्रत्यक्षात थोडं कमीच धरा, कारण वापरताना गार पाणी टाकीत शिरत असतं. म्हणजे एकाची आंघोळ आरामात, दुसऱ्याने थांबायचं. चार माणसं सकाळी एकामागोमाग आंघोळ करणार असतील तर २५च घ्या. ३ किलोवॉटचा इन्स्टंट थंडीत मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर ऊन पाणी देतो. स्वयंपाकघराच्या सिंकला तो उत्तम, बाळाच्या आंघोळीला नाही.

पण मला लिटरपेक्षा तुमच्या पाण्याची आणि दाबाची जास्त काळजी वाटते. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून तीसेक मीटर वर असणार, म्हणजे जवळजवळ ३ बार दाब. ८ बारचा गिझर मागा, तिथे कसर करू नका. आतून ग्लासलाइन (काचेचा थर दिलेली) टाकी असलेला आणि अॅनोड रॉड सहज काढता येईल असा बघा.

निळी खिडकी
मी सात वर्षं भाड्याने राहतेय, म्हणून भाडेकरूच्या बाजूने सांगते. आधीच्या घरात गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टपटपायचा. घरमालकांनी पाठवलेल्या माणसाने त्याच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली आणि ‘झालं काम’ म्हणून निघून गेला. आम्ही दोन महिने तसंच पाणी तापवत होतो! आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की ती टपटप असायचीच असते. प्लीज, त्या ताईंना हे समजावून सांगा.

पानापक्कड
बापरे. ती खुंटी म्हणजे फार मोठा धोका होता. पाणी २०° वरून ६०° ला गेलं की दीडेक टक्का फुगतं. २५ लिटरला पाव-अर्धा लिटर जादा पाणी होतं, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही. व्हॉल्व्हमधून टपकतं ते हेच पाणी. तोंड बंद केलं आणि थर्मोस्टॅट व कटआउटही (पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग) अडकले, तर टाकी फुटेल. व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी लावून ती मोरीच्या जाळीवर उघडी सोडा, म्हणजे टपकतंय की नाही ते दिसतं. गिझर बंद असतानाही धार चालूच राहिली तर मात्र व्हॉल्व्ह खराब आहे किंवा लाइनचा दाब जास्त आहे. तेव्हा माणूस बोलवायचा.

कोपरापासून
गॅस गिझरचा विचार केलात का? पाणी लगेच मिळतं.

निळी खिडकी
बाथरूममध्ये नकोच. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग. बाळाला आंघोळ घालताना दार-खिडकी बंदच असणार. धूर बाहेर नेणारी चिमणी आणि मोकळी हवा नसेल तर हा विषय काढूही नका.

ओसरी
गॅस नाहीच. २५ लिटर नक्की केला. अॅनोड रॉड म्हणजे नक्की काय? जुन्याचा कधी बदलल्याचं आठवत नाही.

पानापक्कड
म्हणूनच टाकी गेली. मॅग्नेशियमचा दांडा असतो तो. टाकीचं लोखंड गंजू नये म्हणून स्वतः झिजतो. जुना गिझर उतरवला की झाकण उघडायला लावा आणि दांड्याचा फोटो मागा. नवा असतो बोटाएवढा जाड. तुमच्याकडे मधली तारच उरली असेल, तिच्यावर पांढरा चुरा. क्षाराच्या पाण्यात दर वर्षी उघडून बघायचा आणि झिजला की बदलायचा. कॉइलवरचे क्षारही त्याच वेळी निघतात. थर्मोस्टॅट ५५–६० वर ठेवा, त्याच्या वर क्षार भराभर बसतात. बाळ आहे, तेव्हा गार पाणी आधी सोडायचं, मग गरम मिसळायचं.

बसवताना: भरलेला गिझर पस्तीस किलोच्या पुढे जातो, पोकळ विटांच्या भिंतीत साधे स्क्रू धरणार नाहीत. उभा गिझर आडवा टांगू नका. गरम बाजूला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा) पाइप, साधा पीव्हीसी नाही. सॉकेट १६ अँपिअरचं, अर्थिंग वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा खटका) नसेल तर याच वेळी बसवा. आधी टाकी भरायची, गरम नळातून हवा न येता सलग धार लागली की मगच बटण.

निळी खिडकी
आणि ती वर्षाची सफाई कुणी करायची ते भाडेकरारात लिहा. माझ्या मते हा खर्च मालकाचाच. भाडेकरू झाकण उघडणार नाही, उघडूही नये.

ओसरी
पटलं. काल बसवला. जुना दांडा उघडला तर खरंच वाकडी तार निघाली. वायरमनने सॉकेट काढलं तेव्हा हिरव्या वायरचं टोक आत मोकळंच लोंबत होतं. इतकी वर्षं गिझरला अर्थिंग नव्हतं, आणि मला पत्ता नव्हता. फोटो बघून पोटात गोळा आला. ते जोडून, मोजून घेतलं, आरसीसीबीही बसली. ताईंना व्हिडिओ कॉलवर टेस्ट बटण दाबायला शिकवलं, महिन्यातून एकदा दाबतील. सफाई माझ्याकडून, दर वर्षी, असं करारात टाकतेय. आता बाकीच्या सॉकेट्सचं अर्थिंगही रविवारी तपासायला सांगितलंय.