निवृत्त मुख्याध्यापकाला विद्यापीठात शिकवता येईल का?

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवी आहे. शाळेत ३१ वर्षं काढली, शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. मे अखेर ५८ पूर्ण, निवृत्ती. एमएड आहे, सेट-नेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा), पीएचडी काही नाही. आता भावी मुख्याध्यापकांना शिकवावंसं वाटतं. शालार्थची (ऑनलाइन वेतनप्रणाली) बिलं, संचमान्यता (शिक्षकांची पदं मंजूर करून घेणं), पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, दारात उभे चिडलेले पालक, यातलं काही आमच्या पेपरात नव्हतं!

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'मध्ये, म्हणजे आपापल्या क्षेत्रातल्या अनुभवी लोकांना शिकवायला घेण्याच्या योजनेत, १५ वर्षांचा अनुभव पुरतो, पदवीची सक्ती नाही. पण अध्यापनातल्या लोकांना, अगदी निवृत्तांनाही, ती वाट बंद. मग आम्ही शाळामास्तरही त्यात धरले जातो का?

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या शालेय व्यवस्थापन पदविकेला समंत्रक (अभ्यासकेंद्रावर शिकवणारा) म्हणून कुणी काम केलंय? अर्ज अभ्यासकेंद्रावर द्यायचा की थेट नाशिकला?